रंगचक्राचे विजेट लिहिताना: वाचकांचे प्रश्न

चित्रकलेच्या किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग निवडायचे गोल चक्र स्वतः कसे लिहावे, याबद्दल खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न आले आहेत. काहींनी कोड पाठवला आहे, काहींनी फक्त लक्षण सांगितले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. सगळ्या उत्तरांत तीन शब्द येतील. ह्यू म्हणजे चक्रावरचा कोन (० ते ३६० अंश), सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा गडदपणा (तो किती शुद्ध, किती फिका) आणि व्हॅल्यू म्हणजे उजेड. शेवटचे दोन्ही ० ते १ या मापात धरले आहेत. या तिघांची एचएसव्ही ही मांडणी ॲल्व्ही रे स्मिथ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. आजही बहुतेक रंगचक्रे तिच्यावरच चालतात.

प्रश्न (अमळनेर): पायथन आणि टीकेइंटर (पायथनची खिडक्या-बटणे बनवायची लायब्ररी) वापरून ४०० पिक्सेल व्यासाचे चक्र काढतो. प्रत्येक पिक्सेलला वेगळा रंग देतो. खिडकीचा आकार बदलला किंवा व्हॅल्यूचा स्लायडर ओढला की प्रोग्राम गोठतो. शिवाय कधीकधी चक्र येते आणि लगेच गायब होते. का?

दोन्ही दोष वेगळे आहेत. गायब होण्याचे कारण सोपे आहे. फोटोइमेज हा ऑब्जेक्ट फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर फंक्शन संपताच पायथन तो मोकळा करतो. कॅनव्हासवर चित्र दाखवले म्हणून ते जिवंत राहत नाही. तो ऑब्जेक्ट विजेटच्या क्लासमध्ये, म्हणजे सेल्फला जोडून ठेवा.

गोठण्याचे कारण म्हणजे ४०० गुणिले ४००, एकूण १,६०,००० पिक्सेल, आणि प्रत्येकासाठी टीकेला वेगळी हाक. हे काम नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीकडे द्या. आडव्या आणि उभ्या अंतरांचे दोन ॲरे करा, त्यांवरून सगळे कोन आणि सगळी अंतरे एकदम काढा, रंगांचा एकच ॲरे बनवा, तो पिलो या चित्रांच्या लायब्ररीतून इमेज करून एकदाच दाखवा. पायथनचे कलरसिस मॉड्यूल एकेक रंगच बदलते, त्यामुळे इथे उपयोगाचे नाही. त्याऐवजी पूर्ण ॲरेवर चालणारे सूत्र असे:

क = (न + ह्यू ÷ ६०) मॉड ६, म्हणजे ६ ने भागून उरलेला भाग (ह्यू अंशांत)
चॅनेल = व्हॅल्यू − व्हॅल्यू × सॅच्युरेशन × मॅक्स(०, मिन(क, ४ − क, १))

लाल चॅनेलसाठी न = ५, हिरव्यासाठी ३, निळ्यासाठी १. यात एकही 'जर-तर' नाही, म्हणून ॲरेवर ते सरळ धावते. (जिथे एकेकच रंग बदलायचा आहे तिथे कलरसिस जरूर वापरा. मात्र ते ह्यूसुद्धा ० ते १ मध्येच मागते. अंश दिले तर चूक दाखवत नाही, रंग मात्र भलताच येतो.)

आता व्हॅल्यूचा स्लायडर. तो हलला म्हणून कोन आणि अंतरे बदलत नाहीत. व्हॅल्यू १ धरून केलेला ॲरे जपून ठेवा आणि स्लायडर हलला की त्याला नुसते व्हॅल्यूने गुणा. एचएसव्हीमध्ये तिन्ही चॅनेल व्हॅल्यूच्या प्रमाणातच कमी-जास्त होतात, त्यामुळे हा अंदाज नसून तंतोतंत उत्तर आहे. खिडकीचा आकार बदलताना मात्र दर इव्हेंटला नवे चक्र बनवू नका. टीकेइंटरचे आफ्टर हे फंक्शन वापरून ४० मिलिसेकंद थांबा, दरम्यान नवा इव्हेंट आला तर आधीचे काम रद्द करा.

प्रश्न (शहादा): क्यूटी (खिडक्या-बटणे बनवायची लायब्ररी) किंवा ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये पिक्सेल न मोजता, नुसत्या ग्रेडियंटने चक्र काढता येईल का? मी लाल, हिरवा, निळा असे तीन थांबे दिले, पण पिवळा मळका दिसतो.

येईल, आणि रंग अगदी बरोबर येतील. तीन थांब्यांमध्ये लाल आणि हिरव्याच्या मधोमध आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ आकड्यांत, (१२८, १२८, ०) येतो, तोच तुमचा मळका पिवळा. थांबे सात हवेत: लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळट गुलाबी आणि पुन्हा लाल. दर दोन थांब्यांमध्ये ६० अंश. एचएसव्हीचा पूर्ण गडद रंग या थांब्यांमध्ये सरळ रेषेतच बदलतो, म्हणून सातात सगळे बसते.

त्यावर मध्यापासून कडेपर्यंत पांढऱ्याचा रेडियल ग्रेडियंट टाका: मध्ये पूर्ण पांढरा, कडेला पूर्ण पारदर्शक पांढरा. इथे शेवटच्या थांब्याला 'पारदर्शक' म्हणून पारदर्शक काळा दिला, तर काही ग्राफिक्स लायब्ररींमध्ये मधल्या पट्ट्यात राखाडी छटा उतरते. पारदर्शक पांढराच लिहा. सगळ्यात वर (१ − व्हॅल्यू) इतक्या अपारदर्शकतेचा काळा थर.

सुरुवात आणि दिशा तपासून घ्या. क्यूटीचा शंकू-ग्रेडियंट घड्याळातल्या तीनच्या जागेपासून काट्यांच्या उलट फिरतो. कॅनव्हासमधला तीनपासूनच सुरू होतो, पण काट्यांच्या दिशेने. सीएसएसमधला बाराच्या जागेपासून काट्यांच्या दिशेने. एकीकडचा कोड दुसरीकडे नेला की क्लिक एका रंगावर आणि निवड दुसऱ्याच रंगाची, असे होते ते यामुळे.

प्रश्न (चोपडा): क्लिक केल्यावर येणारा रंग आरशात पाहिल्यासारखा उलटा येतो. लालाच्या एका बाजूला तर उणे ह्यू मिळतो.

स्क्रीनवर उभा अक्ष खाली वाढतो, गणितात वर. म्हणून उभे अंतर उलटे घ्या:

कोन = एटॅन२(मध्य_उभा − माउस_उभा, माउस_आडवा − मध्य_आडवा)

हे फंक्शन −१८० ते +१८० अंशांएवढे उत्तर रेडियनमध्ये देते. अंशांत बदला आणि शून्याहून कमी असेल तर ३६० मिळवा. सी++ आणि जावास्क्रिप्टमध्ये नुसत्या मॉड्युलोवर विसंबू नका, तिथे −४ ला ३६० ने भागून −४ च उरतो. पायथनमध्ये ३५६ मिळतो. मिरचीचा लाल, समजा (१७०, २०, ३०), आरजीबीतून ह्यूमध्ये नेतानाही हीच गाठ पडते. त्याचा ह्यू सूत्राने −४ येतो, तो ३५६ करायला हवा.

प्रश्न (जळगाव): क्यूटीमध्ये विजेट लिहिले आहे. व्हॅल्यू शून्यावर नेऊन परत वर आणली की रंग लाल होतो किंवा पांढरा होतो. राखाडी रंग निवडला की चक्रावरचा ठिपका लालावर उडी मारतो. स्लायडर, हेक्स कोड आणि चक्र एकमेकांना जोडल्यापासून तर सगळेच थरथरते.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चक्र सुंदर दिसते पण वापरताना वैताग येतो, अशा बहुतेक विजेटांचे मूळ इथे असते.

तुम्ही रंग आरजीबीत साठवता आणि दर वेळी त्यातून ह्यू काढता. राखाडीला ह्यू नसतो. क्यूटीचा क्यूकलर हा क्लास अशा वेळी ह्यू म्हणून −१ देतो, इतर लायब्ररी बहुधा ० देतात, आणि ० म्हणजे लाल. काळ्याचे तर सॅच्युरेशनही शून्य येते. म्हणजे काळ्यापर्यंत जाऊन आलात की दोन्ही माहिती पुसली गेली.

पुसले न जाताही नुकसान होतेच. वरचाच मिरचीचा लाल घ्या, (१७०, २०, ३०). व्हॅल्यू ०.६७ वरून ०.०२ वर आणा. आठ बिटांत गोळाबेरीज होऊन तो (५, १, १) उरतो. त्यातून पुन्हा ह्यू काढला तर ३५६ ऐवजी ० आणि सॅच्युरेशन ०.८८ ऐवजी ०.८. व्हॅल्यू परत वर नेली की मिळतो (१७०, ३४, ३४). वापरणाऱ्याने फक्त उजेड कमी-जास्त केला आणि रंग बदलला. असे सॉफ्टवेअर माणूस दुसऱ्यांदा उघडत नाही.

म्हणून विजेटच्या आत खरा रंग म्हणून ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू हे तीन दशांश आकडे ठेवा. आरजीबी ही त्यांच्यापासून काढलेली गोष्ट, बाहेर देण्यापुरती. चक्र, स्लायडर, हेक्सची चौकट हे सगळे या तीन आकड्यांकडे पाहतात, एकमेकांकडे नाही.

बाहेरून रंग आला, उदाहरणार्थ ड्रॉपरने उचलला, तर या क्रमाने तपासा. आलेला आरजीबी आणि आपल्या आकड्यांतून निघणारा आठ-बिटी आरजीबी एकच असेल तर काहीच करू नका. ही एक ओळ थरथर जवळजवळ पूर्ण थांबवते, कारण आपणच पाठवलेला रंग फिरून आपल्याकडे आला तरी आतले दशांश जसेच्या तसे राहतात. वेगळा असेल तर रूपांतर करा. पण आलेल्या रंगाचे सॅच्युरेशन शून्य असेल तर जुना ह्यू तसाच ठेवा. व्हॅल्यू शून्य असेल तर जुना ह्यू आणि जुने सॅच्युरेशन दोन्ही ठेवा.

सिग्नलही दोन करा: एक ओढताना सतत जाणारा, एक बोट उचलल्यावर जाणारा. कॅनव्हासवरचा नमुना पहिल्यावर बदलेल, अनडूची नोंद दुसऱ्यावर पडेल. सगळे एकाच सिग्नलवर ठेवले की एकदा रंग ओढल्यावर अनडूत शंभर पायऱ्या साचतात. कोडने रंग बसवला तर 'वापरणाऱ्याने बदलला' हा सिग्नल मुळीच पाठवू नका. हेक्सची चौकट दर अक्षराला वाचू नका, एंटर किंवा चौकट सोडल्यावर वाचा. नाहीतर सहापैकी तीन अक्षरे टाइप होताच तो तीन अक्षरी हेक्स समजला जातो आणि चक्र उडी मारते.

प्रश्न (शिरपूर): बाहेर ह्यूची कडी आणि आत चौकोन आहे. कडी ओढताना माउस आत घसरला की अचानक चौकोनातला रंग बदलू लागतो.

कोणता भाग पकडला हे माउस दाबताना एकदाच ठरवा आणि सोडेपर्यंत तेच धरा. कडी पकडली असेल तर माउस कुठेही जावो, चौकोनावर, विजेटच्या बाहेर, फक्त कोन मोजा. चौकोन पकडला असेल तर आडवे-उभे माप ० ते १ मध्ये बांधून घ्या, म्हणजे कोपऱ्यातला शुद्ध रंग किंवा पूर्ण काळा पकडायला माउस बाहेर झुगारला तरी चालतो. कडी ओढताना माउस मध्यबिंदूपासून ४-५ पिक्सेलच्या आत आला तर आधीचा कोन कायम ठेवा. तिथे एका पिक्सेलनेही कोन प्रचंड बदलतो.

पकडायची कडी दिसणाऱ्या कडीपेक्षा दोन्ही बाजूंनी २-३ पिक्सेल रुंद ठेवा. टचपॅडवर काम करणाऱ्यांना याचा फार आधार होतो. कीबोर्डही विसरू नका: बाणाने १ अंश, शिफ्टसह १० अंश. ठिपका पांढरा आणि त्याभोवती काळी बारीक रेघ असा दुहेरी काढा, म्हणजे कुठल्याही रंगावर दिसतो.

प्रश्न (धुळे): आत चौकोन ठेवावा की त्रिकोण? त्रिकोणाचे गणित जमत नाही.

चौकोन ठेवा, असे आमचे मत आहे. कडीची आतली त्रिज्या १२८ पिक्सेल असेल आणि ४ पिक्सेल फट सोडली, तर चौकोनाची बाजू १२४ × १.४१४, म्हणजे १७५ पिक्सेल होते. त्याच जागेत बसणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ चौकोनाच्या ६५ टक्केच भरते, त्यामुळे बारीक निवड अवघड जाते. चौकोन काढायलाही सोपा: शुद्ध रंगाचा थर, त्यावर डावीकडून पांढरा, त्यावर खालून काळा.

तरीही त्रिकोण हवा असेल तर गणित असे. तीन कोपरे: शुद्ध रंग, पांढरा, काळा. बिंदूचे तिघांतले वाटे अ, ब, क काढा, त्यांची बेरीज १ असते. मग व्हॅल्यू = अ + ब, आणि सॅच्युरेशन = अ ÷ (अ + ब). उलट जायचे तर अ = सॅच्युरेशन × व्हॅल्यू, ब = व्हॅल्यू − अ, क = १ − व्हॅल्यू. अ + ब शून्य झाली, म्हणजे बिंदू काळ्या कोपऱ्यावर आला, तर भागाकार करू नका, जुने सॅच्युरेशन ठेवा. माउस त्रिकोणाबाहेर गेला की उणे वाटे शून्य करून उरलेले सारख्या प्रमाणात वाढवणे हा झटपट उपाय आहे, पण ठिपका बोटाखालून सरकल्यासारखा वाटतो. सर्वात जवळच्या बाजूवर लंब टाकून तो बिंदू घ्या. गिंपमधल्यासारखा ह्यूबरोबर फिरणारा त्रिकोण करायचा असेल तर तीन कोपरे दर वेळी ह्यूच्या कोनावरून मोजावे लागतात, बाकी गणित तेच.

प्रश्न (भुसावळ): नव्या लॅपटॉपवर चक्र धूसर दिसते आणि कड दातेरी.

डिस्प्लेचे स्केलिंग १५० टक्के असेल तर २०० पिक्सेलचे चक्र प्रत्यक्षात ३०० पिक्सेलवर ताणले जाते. इमेज ३०० चीच बनवा आणि तिला स्केलचा आकडा जोडा. खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर नेली की तो आकडा बदलतो, तेव्हा जपलेली इमेज टाकून नवी करा. दातेरी कडेसाठी प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता (त्रिज्या + ०.५ − अंतर) घ्या आणि ० ते १ मध्ये बांधा. अंतर पिक्सेलच्या मधोमध मोजायचे, म्हणजे दोन्ही अक्षांत ०.५ मिळवून. इमेजचा फॉरमॅट प्रीमल्टिप्लाइड असेल तर तिन्ही चॅनेल पारदर्शकतेने गुणायला विसरू नका, नाहीतर कडेला चकाकती रेघ उमटते.

प्रश्न (सावदा): केळीच्या खोक्यांची लेबले डिझाइन करतो. पिवळ्यासमोर उठून दिसणारा रंग शोधायला चक्रावर समोरची बाजू पाहिली तर निळा आला. चित्रकलेच्या वर्गात आम्हाला जांभळा शिकवला होता. खरे कोणते?

दोन्ही, आपापल्या चक्रावर. स्क्रीनचे चक्र प्रकाशाचे आहे, तिथे पिवळ्यासमोर निळा आणि लालासमोर आकाशी. चित्रकारांचे चक्र लाल-पिवळा-निळा या रंगद्रव्यांवर आधारलेले, तिथे पिवळ्यासमोर जांभळा आणि लालासमोर हिरवा. डिझाइन करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत असाल तर दुसरे चक्र जरूर द्या. काम फार नाही, एक कोष्टक पुरते. चित्रकाराच्या चक्रावरचे कोन ०, ६०, १२०, १८०, २४०, ३००, ३६० हे अनुक्रमे ०, ३०, ६०, १२०, २४०, २८०, ३६० या ह्यूंना जोडा, मधले सरळ रेषेने भरा. काढताना कोनावरून ह्यू आणि ठिपका ठेवताना ह्यूवरून कोन, असे कोष्टक दोन्ही दिशांनी चालवा. केळीचा पिवळा (२५०, २१०, ४०) घेतला तर त्याचा ह्यू सुमारे ४८.६, चित्रकाराच्या चक्रावर ९७ अंश. त्यासमोर २७७ अंश, म्हणजे ह्यू सुमारे २६५: निळसर जांभळा.

आतला ह्यू मात्र नेहमी एचएसव्हीचाच साठवा. चक्राचा प्रकार बदलला की फक्त ठिपका हलावा, रंग नाही.

प्रश्न (नंदुरबार): सारंगखेड्याच्या यात्रेसाठी फ्लेक्स करतो. व्हॅल्यू सारखी ठेवूनही पिवळी अक्षरे झगझगतात आणि निळी बुडतात. शिवाय स्क्रीनवरचा हिरवा छापून आल्यावर मरगळतो. चक्रात काही करता येईल का?

एचएसव्हीची व्हॅल्यू म्हणजे तीन चॅनेलांतला सर्वात मोठा आकडा, डोळ्याला जाणवणारा उजेड नव्हे. एसआरजीबीमध्ये, म्हणजे बहुतेक स्क्रीन वापरतात त्या रंगमापात, शुद्ध पिवळ्याची प्रकाशमानता ०.९२८ आणि शुद्ध निळ्याची ०.०७२, जवळजवळ तेरा पट फरक. दोघांची व्हॅल्यू मात्र १ च. अक्षरे वाचता येतील का हे ठरवायला ओकेएलसीएच ही मांडणी बरी, बियर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये दिलेल्या ओकेलॅबवर ती बेतलेली आहे. तिच्यात त्याच पिवळ्याचा उजेड ०.९७ आणि निळ्याचा ०.४५ येतो. उजेड ०.७५ आणि क्रोमा (रंगाची तीव्रता) ०.१ ठेवून कडी काढलीत तर सगळे रंग सारख्या उजेडाचे दिसतील, थोडे फिके. क्रोमा वाढवला की काही कोनांवर रंग स्क्रीनच्या आवाक्याबाहेर जातो. तिथे चॅनेल ० ते १ मध्ये कापू नका, ह्यू घसरतो. उजेड आणि ह्यू तसेच ठेवून क्रोमा अर्ध्या-अर्ध्याने शोधत कमी करा, दहा-बारा फेऱ्या पुरतात.

छपाईचा दोष चक्राचा नाही. शाई स्क्रीनचा झगझगीत हिरवा आणि गडद निळा देऊच शकत नाही, मिरचीचा लाल बराचसा देते. छापखान्याकडून त्यांच्या मशीन आणि कापडाची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर कोणते रंग कसे उमटतात याची फाइल, मागा. लिटलसीएमएस या रंग-रूपांतराच्या लायब्ररीत प्रूफिंग ट्रान्सफॉर्म (छपाईची नक्कल करणारे रूपांतर) बनवून गॅमट-चेकचा (रंग छापता येईल का हे तपासणारा) पर्याय चालू केला की न छापता येणाऱ्या रंगांच्या जागी ठरवून दिलेला खुणेचा रंग मिळतो. तो थेट चक्रावर भरू नका, त्यातून फक्त जागा ओळखा आणि तिथे बारीक तिरप्या रेघा काढा. रंग दिसत राहील आणि छापणार नाही हेही कळेल. हे मोजमाप १२८ × १२८ च्या लहान चक्रावर, वेगळ्या थ्रेडमध्ये करून मग मोठे करा, आणि व्हॅल्यू बदलली की पुन्हा करा, कारण गडद छटांमध्ये छापता येणारा भाग वेगळा असतो. प्रोफाइल मिळाली नाही तर निवडलेल्या रंगांचे दोन-दोन इंचांचे चौकोन त्याच कापडावर छापून घ्या, आणि ते उन्हात धरून पाहा, कारण फ्लेक्स लागणार आहे ते उन्हातच.